परत यायला लागणारा वेळ

जागल्या कामावर लागला त्याला पंधरवडा झाला, आणि शेजुळांच्या चॉकी सेंटरमध्ये काही बिघडायचंच बंद झालं.

एरवी सुवर्णाचा दिवस कुणाच्या ना कुणाच्या ओरडण्यानं उजाडायचा. खोलीतली हवा कोरडी पडलीय, शेतकऱ्यांचं बुकिंगचं ॲप उघडेना, व्हॅनमधल्या गारव्याचा आकडा मोबाइलवर दिसेना. कारण कुठलंही असो, ओरडणारे नाव एकच घ्यायचे : ऋतुजा. मग सुवर्णाची ही धाकटी नणंद तोंडात ब्रश, नाहीतर डोक्यावर चपचपीत तेल अशा अवतारात लॅपटॉप काखोटीला मारून यायची आणि विचारायची, "काय मेलं आज?"

आता कुणी ओरडत नव्हतं. अळ्या पाला खात होत्या. जालना-अंबड रस्त्याला लागून असलेल्या त्या पांढऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये अळ्यांच्या खाण्याचाच तेवढा आवाज होता, कागदावर बारीक बारीक वाळू सांडावी तसा.

रेशमाची अळी अंड्यातून निघते तेव्हा केसाएवढी असते. पहिला आठवडाभर तिला ऊन चालत नाही, कोरडी हवा चालत नाही, जून पाला चालत नाही. म्हणून अंडीपुंज चॉकी सेंटरवर आणतात, अळ्या तिथे निघतात, तुतीचा कोवळा पाला चिरून चिरून त्यांना भरवतात, आणि दोनदा कात टाकून झाली की शेतकऱ्यांच्या हवाली करतात. सुवर्णाचा नवरा भागवत आपल्या धंद्याला 'रेशमाची बालवाडी' म्हणायचा. मराठवाड्याचा उन्हाळा अलीकडे असा काही चढला होता, की शेतकऱ्याच्या शेडमध्ये पहिला आठवडा निभावणं अशक्यच झालं होतं. तीन जिल्ह्यांतलं रेशीम या बंद खोल्यांवर चालायचं, खोल्या कॉम्प्युटरवर चालायच्या, आणि कॉम्प्युटर ऋतुजावर.

ही गोष्ट सगळ्यात आधी बँकेच्या बाईंनी बोलून दाखवली. सेंटर वाढवायचं म्हणून त्या पाहणीला आल्या, सगळं बघितलं, चहा घेतला आणि सहज विचारलं, "आणि या ऋतुजाताई आजारी पडल्या तर?"

ऋतुजा म्हणाली, "मी पडत नाही आजारी." बाई हसल्या, पण कर्जाला त्यांनी अट घातली : कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था एका माणसाच्या डोक्यात राहता कामा नये, बाहेरच्या संस्थेशी करार करा.

मग दोन माणसं येऊन गेली.

जालन्याचे बागवान सर जुन्या स्कूटरवरून आले. त्यांचं आउटसोर्सिंग. पाच-सहा माणसं फोनपाशी बसलेली असतात; आपलं काम त्यांना द्यायचं, बिघडलं की फोन करायचा, ते दुरुस्त करणार. "पण बिघडलं काय, ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे," बागवान म्हणाले. "घराची मालकी तुमची. आम्ही बोलावलं की येणार, नाही बोलावलं तर नाही येणार."

पुण्याचा अमोघ स्क्रीनवरून आला. त्याची मॅनेज्ड सर्व्हिस. "आउटसोर्सिंगमध्ये तुम्ही काम बाहेर देता, मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडे तुम्ही जबाबदारीच देऊन टाकता. बिघडल्यावर फोन करण्याचा प्रश्न येत नाही, कारण आम्ही बिघडू देत नाही."

"लग्नाआधी भागवतचे बाबा असंच बोलायचे," भागवतची आई कौसल्याबाई म्हणाल्या. त्या ऑफिसात शेतकऱ्यांच्या बुकिंगचा फोन सांभाळायच्या, आणि अख्खा तालुका त्यांना आईच म्हणायचा.

भागवतचं मत पुण्याकडे होतं, ऋतुजानं मत द्यायचं टाळलं, आणि सुवर्णानं ठरवलं की महिनाभर अमोघची सेवा चालवून बघू. हिशेब आणि करारमदार तिच्याकडे होते, सही तिची व्हायची होती. तिच्या मनात अट वेगळीच होती, बँकेला न सांगितलेली. कुणीही आलं तरी ऋतुजाला इथून उठावं लागता कामा नये. कोऱ्या शेडपासून सगळं या पोरीनं उभं केलं होतं. पुण्याची नोकरी सोडून आली होती. सुवर्णाची मुलगी शर्वी पहिल्यांदा हसली तीही आईकडे बघून नाही, आत्याकडे बघून.

पुण्याच्या त्या सेवेचं नाव जागल्या.

*

"अगं, ही खोली बघ ना," सुवर्णा एकदा म्हणाली. "उगाचच अर्धा अंश चढली आणि आपोआप उतरली."

"गुदगुल्या करतोय तो," ऋतुजा म्हणाली.

"कोण?"

"जागल्या. दिवसभर प्रत्येकाला गुदगुल्या करतो आणि कोण किती वेळ हसतंय ते मोजतो."

थट्टा सोडली तर ते खरंच होतं. कुठलीही व्यवस्था कोसळते तेव्हा एकदम कोसळल्यासारखी वाटते, पण त्याच्या कितीतरी आधी ती मंद झालेली असते. तळं सडायच्या आधी, विजेचं जाळं बसायच्या आधी, काळीज थांबायच्या आधी. धडधाकट असताना तिला जरासा धक्का दिला तर ती चटकन मूळ जागेवर येते. कडेला आलेली असली तरी येते, पण रेंगाळत. परत यायला लागणारा वेळ वाढत चालला, म्हणजे काहीतरी जवळ आलंय. वरून सगळं ठाकठीक दिसत असलं तरी. शास्त्राला ही गोष्ट जुनीच ठाऊक होती. अडचण एवढीच, की वेळ मोजायला धक्का द्यावा लागतो, आणि चालत्या धंद्याला धक्के देणार कोण? जागल्या देत होता. इतके हलके, की अळीला कळू नयेत. पंखा क्षणभर मंद, ॲपचं पान जरासं उशिरा, वीज किंचित कमी. दिवसातून हजारो वेळा. जो पंप, जी तार, जो प्रोग्राम परतायला वेळ लावू लागला, तो मोडायच्या आधीच बदलला जायचा.

सुवर्णाला हे पटकन समजलं. शर्वीच्या वेळी तिचे पाय सुजले होते. डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला आणि खळगा भरून यायची वाट बघत बसल्या. खळगा लवकर भरेना, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. तिला स्वतःला तर काहीच दुखत नव्हतं.

*

तिसऱ्या आठवड्यात जागल्याचा अहवाल आला. तो फक्त सुवर्णा आणि भागवतला यायचा. एक पाण्याचा पंप, एक जुनी बॅटरी, आणि खाली, त्याच अक्षरांत : ऋतुजा शेजूळ. परत यायला लागणारा वेळ तिप्पट. मोठा बदल अपेक्षित, साधारण सहा आठवड्यांत. चाव्या काढून घेण्याची शिफारस.

सुवर्णानं अमोघला फोन लावला. "ही काय चेष्टा आहे?"

"चेष्टा नाही, मॅडम. सिस्टीमच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, ज्यांच्याकडे, ती माणसंही सिस्टीमचाच भाग. अर्ध्याच्या वर बिघाड माणसांतूनच येतात."

"तिलाही धक्के दिले तुम्ही?"

"अगदी छोटे. एखादा खोटा बिघाड, एकच निरोप दोनदा. आधी त्या लगेच निस्तरून आपल्या लयीत यायच्या. आता खूप रेंगाळतात."

"आजारी आहे का ती?"

"असतील. दमल्या असतील, कंटाळल्या असतील. कारण जागल्याला दिसत नाही. आज आहेत तशा त्या राहणार नाहीत, इतकंच तो सांगतो." मग आवाज जरा खाली आणून अमोघ म्हणाला, "आणि त्यांना बोलू नका हं. माणसाला कळलं की आकडे बिघडतात. करारात आहे तसं."

माणूस आजारी आहे असं एकदा कुणी कानात सांगितलं, की त्याचं शिंकणंही वेगळं दिसायला लागतं. सुवर्णा ऋतुजाकडे बघायला लागली, आणि तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. स्क्रीनवर लाल खूण लुकलुकतेय आणि ऋतुजा हाताची घडी घालून नुसती बघत बसलीय. फोन कानाला लावलाय, पण बोलत नाही. बराच वेळ नुसता लावलेलाच आहे. चहा पुढ्यात निवतोय. मध्येच एकटीच हसते. ही ती ऋतुजा नव्हे, जी बिघाडावर मांजरासारखी झडप घालायची.

दुपारच्या चहाला ऋतुजा नसताना सुवर्णानं विषय काढला. आई शेंगा सोलत होत्या. भागवत पाल्याच्या गाडीवरून आला होता, अंगाला हिरवा वास.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "मोल्टला बसलीय ती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय विचारतेस? अळी खायची थांबते, मान वर करून गप्प राहते. नवीन माणसाला वाटतं मेली. तेव्हा आपण काय करतो? पाला बंद, हात लावायचा नाही, जवळून चालायचं नाही. कात टाकली की तीच खायला मागते. ऋतूला हात लावू नका. बस."

सुवर्णाला ते पटलं. अळीनं कात टाकायला घेतली असताना तिला पाला दिला की काही मरतात, काही लंगड्या निघतात. हा धडा त्यांनी पहिल्याच वर्षी शेकडो ट्रे फेकून घेतला होता. या घरात कुणाला कसं जपायचं याचं दुसरं उदाहरणच नव्हतं.

"आई, तुम्हाला काय वाटतं?"

आईंचा हात शेंगेवर थांबला होता. "असंल बाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली बघून सोलायला लागल्या.

*

मग सगळ्यांनी मिळून ऋतुजाला जपलं.

शेडमधल्या बायकांना सांगितलं, ताईंना हाक मारायची नाही, काही झालं तरी जागल्या बघेल. चाव्या एकेक करून जागल्याकडे गेल्या. जेवताना तिला पहिल्यांदा वाढायला लागले. तिच्या खोलीपुढून जाताना भागवत चपला हातात घ्यायचा, एवढा मोठा गडी. सुवर्णानं चार वर्षांच्या शर्वीला समजावलं, आत्याला त्रास द्यायचा नाही. शर्वीनं ते फारच मनावर घेतलं. आत्याच्या दारात उभी राहून, तोंडावर बोट ठेवून, ती येणाऱ्या-जाणाऱ्या कोंबडीलासुद्धा "शू" करायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी ऋतुजानं दार उघडलं, तर ही दारातच.

"काय गं पिल्ला, इथं काय करतेस?"

"राखण. आत्या, तू कात कधी टाकणार?"

ऋतुजा तडक ऑफिसात आली. सुवर्णा पावत्या बघत होती.

"वहिनी, मी अळी आहे का?"

सुवर्णाचं बोट कीबोर्डवरच राहिलं. "असं काय बोलतेस?"

"किती दिवस झाले, एका माणसानं हाक मारली नाही मला. पासवर्ड टाकला तर म्हणतो, परवानगी नाही. माझाच पासवर्ड! भाजी मला आधी वाढायलात, पाहुण्यासारखी. आईसुद्धा फोन उचलेना झाली."

"तू जरा आराम कर गं. दमलीयस."

"कुणी सांगितलं दमलेय म्हणून?"

सुवर्णाला करार आठवत होता. 'सांगितलं की आकडे बिघडतात.' आणि त्याहून जास्त तिला भीती वाटत होती, की विचारलं आणि काही भयंकर उत्तर आलं तर?

"काढायचं असेल तर काढा ना," ऋतुजा म्हणाली. "पुण्याचा जागल्या ठेवा, मला काही नाही. पण तोंडावर सांगा."

"काढायचं कोण म्हणतंय?"

"मग काय म्हणताय?"

सुवर्णानं तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. ती म्हणाली, "चहा टाकू तुला?"

ऋतुजानं तिच्याकडे असं बघितलं, की जणू ही बाई तिला पहिल्यांदाच भेटतेय. आणि गेली.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. सहा आठवड्यांचा अंदाज पुसून तिथे 'कधीही' असं होतं. अमोघचाच फोन आला. "मॅडम, त्यांना तुमच्याकडून काही मोठा धक्का बसलाय का?"

"आम्ही तर तिला धक्का लागू नये म्हणून..." सुवर्णा म्हणाली.

*

ऋतुजानं भांडण केलं नाही. सोमवारी भागवत व्हॅन भरत होता, तिथे ती बॅग घेऊन आली. "दादा, जालन्याला सोड. बागवान सरांकडे लागतेय." भागवतनं वाटेत विचारायचा प्रयत्न केला, पण त्याला गाडी चालवताना बोलता येत नसे आणि न चालवतानाही फारसं येत नसे. परत आल्यावर त्यानं सांगितलं, ती रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होती.

त्या दुपारी आई ऑफिसात आल्या, खुर्ची ओढून सुवर्णाच्या समोर बसल्या, चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, "मी शिकत होते तिच्याजवळ."

"काय शिकत होता?"

"हेच. कॉम्प्युटरचं. हवा बंद पडली तर काय दाबायचं, ॲप अडकलं तर काय करायचं. दोन महिने झाले."

सुवर्णानं कीबोर्डवरून हात काढले.

"बँकेची बाई बोलून गेली ना, त्याच संध्याकाळी मला म्हणाली, आई, तू शिक. म्हटलं, येडी झालीस का? तर म्हणाली, बुकिंगला इतकी माणसं हाताळतेस, यंत्र काय जड आहे? आधी नुसतं समजावून सांगायची. जागल्या आल्यावर आठवड्याभरानं मात्र काही बारीकसं बिघडलं की ती हात नाही लावायची. फोन करायची मला. म्हणायची, आई, बघ आणि सांग काय दिसतंय. मी इकडं ऑफिसात चाचपडायची, ती तिकडं गप्प बसून राहायची, फोन धरून. चुकलं तर पुन्हा बिघडवायची, पुन्हा म्हणायची, कर. लई वेळ लागायचा मला. हसायची कधी कधी, पण माझ्यावर नाही."

"मग त्या दिवशी चहाच्या वेळी बोलला का नाहीत?"

"कामून बोलू? भागवत हसला असता. तूही हसली असतीस, मनात." आईंचा आवाज बारीक झाला. "आणि वाटलं, खरंच आजारी असंल तर? मला शिकवून शिकवून दमली असंल तर? म्हणून मी बी तिचा फोन उचलणं बंद केलं."

"आणि बागवानांकडे जायचं?"

"ते तिचं ठरलंच होतं. तिथं मोठ्या मोठ्या सिस्टीमी करायच्यात, तिला शिकायच्यात. पण म्हणाली होती, आई, तुला जमलं की जाईन, आणि वहिनीला मी सांगेन, तू नको मधे पडू. हसत हसत जाणार होती बाई ती. सणावारासारखी."

पावत्या उघड्याच राहिल्या. शर्वी बालवाडीतून आली आणि नवीन सँडलचा पट्टा आपला आपण काढायला बसली. हल्ली ती कुणाला हात लावू द्यायची नाही. सुवर्णानं काढला तर एका झटक्यात निघायचा. शर्वीला काढू द्यायचा म्हणजे खाली मान घालून, जीभ बाहेर काढून, चुकीच्या बाजूनं ओढून, रडकुंडीला येऊन, पुन्हा सुरू. आणि आईनं शेजारी बसायचं, हात मांडीखाली दाबून. त्या वेळी जागल्यानं आपला वेळ मोजला असता तर? सुवर्णाच्या मनात आलं. ही बाई मंदावलीय, असंच लिहिलं असतं त्यानं.

तिनं अमोघला विचारलं, मोडत आलेला माणूस आणि दुसऱ्याला शिकवणारा माणूस, जागल्याला वेगळे ओळखता येतात का?

अमोघ प्रामाणिक होता. "नाही, मॅडम. वेळ दोन्हीकडे वाढतो. बदल दोन्हीकडे जवळ असतो. कुठल्या दिशेचा, ते गणितात नसतं."

"मग माणसांना सोडून फक्त यंत्रं राखा."

"तसं केलं तर हमी देता येत नाही. जबाबदारी पूर्ण हवी, तर सगळंच दिसायला हवं."

*

भागवतचं म्हणणं सरळ होतं, आणि चुकीचंही नव्हतं. "जागल्यानं काय वाकडं केलं? जाणार म्हणाला, ती गेली. पंप बिघडेल म्हणाला, बदलला. महिन्यात एक ट्रे गेला नाही आपला. एवढं कधी झालं होतं?"

"नाही झालं."

"मग?"

"त्याचं काहीच चुकलं नाही. चुकलं आपलं. पण तो असेपर्यंत रोज चुकेल," सुवर्णा म्हणाली. "तो आपल्याला आधी सांगणार, की अमक्या माणसाचं काहीतरी होणार आहे. आणि त्या माणसाला विचारायचं नाही म्हणणार. मग मी तुमच्याकडे बघेन, तुम्ही माझ्याकडे बघाल, आणि दोघं मिळून ठरवू. शेडमधल्या बायका, आई, उद्या मी. मला पण तुम्ही आधी वाढायला लागाल."

भागवतला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "बागवानांकडे मोडल्यावर कळणार. तोवर अळ्या मरतील."

"काही मरतील."

आतापर्यंत कुठल्याच कराराच्या बोलण्यात हे वाक्य आलं नव्हतं.

महिना संपला तेव्हा तिनं बागवानांच्या करारावर सही केली. बँकेला दोन्ही सारखेच होते. बागवानांनी एवढंच विचारलं, "फोन कोण करणार तुमच्याकडून? एकच माणूस ठेवा, नीट सांगणारं."

"कौसल्या शेजूळ," सुवर्णानं सांगितलं.

"आणि एक आधीच बोलतो, ताई. इथं जो मोकळा असेल तो फोन उचलतो. ऋतुजाच येईल असं नाही. आणि आली, तरी इथं ती माझ्याकडची इंजिनियर, तुमची नणंद नाही."

भागवत आठवडाभर गरजेपुरतंच बोलला.

*

पहिला बिघाड वैशाखात झाला, भर दुपारी. दुसऱ्या खोलीत धुकं सोडणारी यंत्रं एकाएकी थांबली. स्क्रीन गोठला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आत अळ्या पहिली कात टाकून नुकत्या पाल्याला लागलेल्या. कोरडी हवा आत शिरली की त्या कागदासारख्या वाळतात.

आई खोलीत आल्या, चष्मा नाकावर सरकवला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, बागवान सर्व्हिसेस. मी ऋतुजा बोलतेय. आपलं नाव सांगा."

आईंनी एकदा सुवर्णाकडे बघितलं. "कौसल्या शेजूळ. चॉकी सेंटर."

"बोला. काय दिसतंय?"

आईंनी सांगितलं. स्क्रीन कसा आहे, कुठला दिवा लागलाय, कुठला नाही. अडखळत, पण सगळं.

"मी इथून हातात घेऊ शकते," ऋतुजा म्हणाली. "लगेच होईल. की तुम्ही करता?"

आई पुन्हा सुवर्णाकडे बघायला लागल्या. वरच्या रांगेतल्या ट्रेवरचा पाला कडेनं मुरडायला लागला होता, आणि सुवर्णाला तो दिसत होता. घे गं हातात, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. बुकिंग झालेल्या शेतकऱ्यांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतवले आणि मानेनंच आईंना 'करा' म्हणून खुणावलं.

"मी करते," आई म्हणाल्या.

पहिल्यांदा चुकलं. स्क्रीन काळा झाला. तिकडून ऋतुजा काही बोलली नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आई स्वतःशीच पुटपुटल्या, मग कंट्रोलरचं झाकण उघडून मागची कळ दाबून धरली, सोडली, पुन्हा दाबली. स्क्रीन उजळला. धुकं सुटायला लागलं, आधी फुसफुसत, मग नीट.

वरच्या रांगेतल्या अळ्या गेल्या. सुवर्णानं जवळ जाऊन बघितलं; बारीक करड्या रेघा, पाल्यावर तशाच. बाकीच्या अळ्यांनी थोड्या वेळानं माना हलवल्या.

"झालं," आई फोनमध्ये म्हणाल्या. त्यांचा आवाज भलताच मोठा निघाला. "झालं गं! मी केलं!"

"छान केलंत," तिकडून उत्तर आलं, अगदी ऑफिसातल्यासारखं, आणि शेवटाला जरा ओलं. "आणखी काही मदत हवीय का?"

आईंनी फोन सुवर्णाच्या हातात दिला आणि डोळे पुसायच्या निमित्तानं बाहेर निघून गेल्या.

"ऋतुजा," सुवर्णा म्हणाली.

"बोला मॅडम."

"मला तुला एक विचारायचं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी..."

"वहिनी," ऋतुजा मध्येच म्हणाली, "खोलीचं दार उघडं आहे. मला इकडं रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायलेत. सगळी ओल बाहेर जातीय. आधी दार लाव."

सुवर्णानं दार लावलं. कडी नीट बसली का, हात फिरवून बघितलं. मग फोन कानाला लावला.

"तुला काय करायचंय गं पुढं? तुझं तू ठरवलेलं. मला सांग ना."

तिकडून लगेच उत्तर आलं नाही. सुवर्णा ट्रेच्या रांगेशेजारी खाली बसली आणि फोन तसाच धरून राहिली. तिला काही घाई नव्हती.